स्वरांच्या माथ्यावरचे शब्द

मराठींत ‘हळू’ हा शब्द एकटाच दोन कामें करतो. मूल जिन्यावरून धांवत उतरूं लागलें म्हणजे आई त्याला ‘हळू’ म्हणून बजावते. त्या वेळीं तिला त्याची गति कमी व्हावयास हवी असते. आजारी माणसाचा नुकताच डोळा लागला असतां कोणी दारांत मोठ्यानें बोलूं लागलें, तर त्यालाहि ती ‘हळू’ असेंच म्हणते. आतां तिला गतीशीं कांहीं कर्तव्य नसतें, आवाज तेवढा खालीं यावयास हवा असतो. ‘जोरांत’ या शब्दाचेंहि तसेंच आहे. घोडा जोरांत धांवतो आणि पाऊसहि पत्र्यावर जोरांत वाजतो. व्यवहारांत या दुहेरी अर्थानें कोणाचें अडत नाहीं. प्रसंग पाहून ऐकणारा योग्य तो अर्थ घेतो. परंतु जो मनुष्य समोर नाहीं, ज्याला प्रसंग दिसत नाहीं, ज्याच्या हातीं केवळ लिहिलेला कागद आहे, त्याला ‘हळू’ एवढेंच सांगून कसें भागावें ?

हाच प्रश्न युरोपांतील संगीतरचनाकारांपुढें सुमारें चारशें वर्षांपूर्वीं उभा राहिला. त्यांचें संगीत कागदाच्या आधारानें जगणारें. रचना करणारा एक, ती वाजविणारे दुसरे. आणि हे दुसरे कधीं शंभर कोसांवर, तर कधीं शंभर वर्षांनंतरहि असावयाचे. त्यांच्या स्वरलिपींत कोणता स्वर लावावयाचा आणि शेजारच्या स्वराच्या मानानें तो किती काळ धरावयाचा, हें नेमकें लिहितां येतें. परंतु सबंध रचना किती जलद चालावी, तिचा आवाज कोठें चढावा व कोठें उतरावा, आणि ती कोणत्या मनोवृत्तीनें म्हटली जावी, या तीन गोष्टी त्या खुणांच्या बाहेरच राहतात. गति, बळ आणि भाव. या तिन्हींसाठीं रचनाकार स्वरांच्या माथ्यावर व पायथ्याशीं शब्द लिहूं लागले. ‘अलेग्रो’, ‘अदाजो’, ‘पियानो’, ‘फोर्ते’, ‘क्रेशेंदो’ हे ते शब्द होत.

हे शब्द इटालियन आहेत. जर्मन, फ्रेंच, इंग्रज आणि रशियन रचनाकारांनींहि ते जसेच्या तसे घेतले. याचें कारण साधें आहे. त्या काळीं संगीतांत इटलीचा शब्द प्रमाण होता. सुरांचीं पुस्तकें छापण्याची कला व्हेनिसमध्यें पेत्रुची यानें १५०१ सालीं यशस्वी करून दाखविली. १६०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें संगीत नाटक, म्हणजे ऑपेरा, जन्मास आला. पुढें दोन शतकें इटालियन गवई आणि वादक व्हिएन्ना, ड्रेस्डेन, लंडन अशा शहरांतून मानाच्या जागा भूषवीत होते. उस्तादांची भाषा ती विद्येची भाषा, हा न्याय आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. मराठी गवई घरांत मराठी बोलतो. परंतु तो ज्याला ‘ख्याल’ म्हणतो तो शब्द अरबी-फारशीच्या वाटेनें आलेला असतो आणि त्यांतली चीज बहुधा व्रजभाषेंतली असते. त्यांत त्याला परकेपणा वाटत नाहीं, तसाच जर्मन वादकालाहि ‘अदाजो’मध्यें वाटत नाहीं.

शब्दांच्या पूर्वीं गतीचें माप होतें तें माणसाच्या देहांत. १४९६ सालीं मिलान येथें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत गाफुरियस या पंडितानें संगीताच्या मूळ ठोक्याची तुलना शांतपणें श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीशीं केली आहे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचा बासरीचा गुरु क्वांट्स यानें १७५२ च्या आपल्या ग्रंथांत हेंच माप अधिक बारकाईनें वापरलें. निरोगी माणसाच्या नाडीचे ठोके मिनिटाला सुमारें ८० धरून, कोणत्या प्रकारच्या रचनेंत एका ठोक्यांत किती मात्रा बसवाव्या, याचा हिशेबच त्यानें मांडून दिला. घड्याळ नसलें तरी मनगट प्रत्येकाजवळ असतेंच. अडचण एवढीच कीं, वादकाचें मन जसें हालतें तशी त्याची नाडीहि हालते. आणि जें माप मोजणाऱ्याबरोबर बदलतें त्यावर किती विसंबावें?

गतीच्या या इटालियन शब्दांकडे नीट पाहिलें तर एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. त्यांतले पुष्कळसे शब्द मुळांत गतीचे नाहींतच. ‘अलेग्रो’ म्हणजे आनंदी. ‘अदाजो’ म्हणजे निवांतपणें, सवडीनें. ‘लार्गो’ म्हणजे रुंद, ऐसपैस. ‘ग्राव्हे’ म्हणजे जड, गंभीर. ‘विवाचे’ म्हणजे जिवंत, तरतरीत. ‘आंदांते’ हा शब्द चालण्याच्या क्रियापदापासून आला आहे. म्हणजे आरंभीं हे शब्द माणसाची वृत्ति आणि चाल सांगत. आनंदी माणूस भरभर बोलतो, गंभीर माणूस थांबून थांबून बोलतो, एवढ्या अनुभवावरून त्यांना गतीचा अर्थ चिकटला. आणि कालांतरानें मूळ अर्थ झिजून जाऊन गतीचाच तेवढा उरला. त्यामुळें पुढें असा विपरीत प्रकार झाला कीं, शोकानें व क्रोधानें भरलेल्या जलद रचनेच्या माथ्यावरहि ‘अलेग्रो’ म्हणजे ‘आनंदी’ असेंच लिहिलेलें असे. शब्दांच्या या सैलपणाचा ताप मोठमोठ्यांनाहि झाला. ‘आंदांते’चें लघुरूप ‘आंदांतीनो’ असें होतें. तें मूळ चालीपेक्षां किंचित् जलद समजावें कीं किंचित् मंद, याविषयीं एकमत नव्हतें. स्कॉटलंडमधील एका प्रकाशकाला १८१३ सालीं पत्र लिहितांना खुद्द बीथोव्हेनला याचा खुलासा विचारावा लागला.

आवाजाच्या बळाची कथा निराळी आहे. ‘पियानो’ म्हणजे मृदु आणि ‘फोर्ते’ म्हणजे बळकट. गंमत अशी कीं, इटालियन लोकांच्या रोजच्या बोलण्यांत ‘पियानो’ हा शब्दहि आपल्या ‘हळू’सारखाच दुहेरी आहे, सावकाश आणि आवाज न करतां, असे दोन्ही अर्थ त्यांत नांदतात. संगीतज्ञांनीं त्यांतला एक अर्थ निवडून पक्का केला. व्हेनिसच्या सेंट मार्क मंदिरांतील वादक-रचनाकार जोव्हान्नी गाब्रिएली यानें १५९७ सालीं एक रचना छापली. तिचें नांवच मुळीं ‘मृदु आणि बळकट सोनाटा’ असें होतें. वादकांचे दोन ताफे समोरासमोर. एकच ताफा वाजूं लागला कीं कागदावर ‘मृदु’, आणि दोन्ही एकत्र आले कीं ‘बळकट’. आवाजाचा चढउतार वादकांच्या मर्जीवर न सोडतां कागदावर स्पष्ट लिहून ठेवल्याचें हें फार जुनें व प्रसिद्ध उदाहरण आहे.

पुढें या दोन शब्दांनीं एका वाद्याला जन्मनांव दिलें. त्या काळचें हार्पसिकॉर्ड हें वाद्य पिसाच्या टोकानें तार छेडी. पट्टी हळुवार दाबा कीं जोरानें दाबा, आवाजांत फारसा फरक पडत नसे. आपल्या पेटीचेंहि तसेंच आहे. तिची पट्टी दाबण्यानें आवाज लहानमोठा होत नाहीं, तें काम भात्याचें. फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याच्या पदरीं असलेला वाद्यकार क्रिस्तोफोरी यानें तार छेडण्याऐवजीं तिच्यावर लहान हातोडी आपटण्याची युक्ति काढली. त्या घराण्याच्या १७०० सालच्या वाद्यांच्या यादींत मृदु आणि बळकट असे दोन्ही आवाज काढणारें वाद्य म्हणून त्याची नोंद आहे. ‘पियानो-ए-फोर्ते’ या लांबलचक वर्णनांतलें ‘फोर्ते’ पुढें गळालें आणि एवढ्या मोठ्या, दणदणीत वाद्याला जग नुसतें ‘मृदु’ या नांवानें ओळखूं लागलें !

मृदु आणि बळकट या दोन टोकांच्या मध्यें चढण बांधण्याचें श्रेय विशेषेंकरून जर्मनींतील मानहाइम दरबारच्या वाद्यवृंदाला मिळालें. अठराव्या शतकाच्या मध्यास योहान स्टामित्स याच्या हाताखालीं हा ताफा इतका एकजीव झाला होता कीं, त्याचा ‘क्रेशेंदो’, म्हणजे वाढत जाणारा नाद, ऐकण्यास दूरदूरचे रसिक येत. टेकडीमागून येणारी मिरवणूक जवळ येतां येतां दारासमोर यावी, तसा हा परिणाम असे. याच्या उलट परिणाम हायडननें साधला. २३ मार्च १७९२ रोजीं लंडनमध्यें प्रथम वाजलेल्या त्याच्या सिंफनींत दुसरें चरण अगदीं मृदु, बालगीतासारख्या भोळ्या स्वरांनीं सुरू होतें. तेच स्वर पुन्हां, आणखी मृदु होऊन येतात. आणि सोळाव्या खंडांत सारा वाद्यवृंद नगाऱ्यासह एकदम कडाडतो. स्वर तेच ठेवून केवळ ‘मृदु’ आणि ‘अतिबळकट’ या दोन खुणा पुसून टाकल्या, तर त्या विनोदांत कांहींहि उरत नाहीं. म्हणजे या खुणा अलंकार नव्हेत. कित्येक ठिकाणीं त्याच रचनेचा प्राण आहेत.

‘मृदु’साठीं रोमन लिपींतलें ‘पी’ हें अक्षर लिहितात. ‘अतिमृदु’साठीं तेंच दोनदां. एकोणिसाव्या शतकांत हीं अक्षरें वाढूं लागलीं. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनींत, पहिल्या चरणांत एके ठिकाणीं बासून या लांकडी फुंकवाद्याच्या चार स्वरांखालीं तें अक्षर सहा वेळां लिहिलेलें आहे. इतका मृदु नाद त्या वाद्यांतून निघणें दुष्कर. म्हणून पुष्कळ संचालक ते स्वर त्या वाद्याकडून काढून दुसऱ्या, अधिक मवाळ वाद्याकडे देतात. मग सहा अक्षरें लिहिण्यांत अर्थ काय ? अर्थ असा कीं, तो नाद जवळजवळ नाहींसा व्हावा, अशी रचनाकाराची इच्छा होती आणि ती सांगण्यास त्याच्याजवळ तेंच एक अक्षर होतें. त्यानें तें पुन्हां पुन्हां लिहिलें. या सिंफनीचा पहिला प्रयोग त्यानें २८ ऑक्टोबर १८९३ रोजीं सेंट पीटर्सबर्ग येथें स्वतः चालविला, आणि त्यानंतर नवव्या दिवशीं तो वारला. आपली खूण लोकांना नीट उमगली कीं नाहीं, हें सांगण्यास तो उरला नाहीं.

लिहिलेल्या शब्दावर सारी भिस्त टाकणें किती कठीण आहे, हें बीथोव्हेनच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच कोठें दिसत असेल. वयाच्या तिशीच्या आंतच त्याचे कान जाऊं लागले. जो स्वतः वाजवून दाखवूं शकतो, वादकांना ‘असें नव्हे, असें’ म्हणून सांगूं शकतो, त्याला शब्दांचा मोह कमी असतो. ज्याला आपलेंच वाद्य ऐकूं येईनासें झालें त्याचा सारा विश्वास कागदावर. याच सुमारास मेल्त्सेल नांवाचा एक हिकमती यंत्रकार व्हिएन्नांत होता. बीथोव्हेनसाठीं कानाला लावावयाचे कर्णेहि त्यानेंच बनविले होते. आम्स्टरडॅमच्या विंकेल या कारागिरानें शोधलेल्या दुवजनी लोलकाला त्यानें आंकड्यांची पट्टी जोडली, आणि १८१५ सालीं ‘मेट्रोनोम’ या नांवानें त्याचा हक्क आपल्या नांवें नोंदविला. मूळ कल्पना विंकेलची, हा निवाडा पुढें हॉलंडमध्यें झाला. परंतु नांव चाललें तें मेल्त्सेलचें. हें यंत्र मिनिटाला ठरविल्याइतके ठोके देतें. साठांवर वजन ठेवलें कीं सेकंदाला एक ठोका. नाडीचा भरंवसा नको, ‘आनंदी’ आणि ‘निवांत’ यांचा घोळ नको.

बीथोव्हेनला हें यंत्र म्हणजे देणगीच वाटली. १८१७ सालीं एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यानें ‘अलेग्रो’, ‘आंदांते’ वगैरे शब्द निरर्थक झाले असल्यानें ते टाकून द्यावे, असा विचार मांडला. आणि त्याच वर्षीं आपल्या तोंवरच्या आठहि सिंफनींच्या गतीचे आंकडे लाइप्झिगच्या संगीतपत्रांत प्रसिद्ध केले. परंतु त्याच पत्रांत त्यानें एक विवेकहि केला आहे. गति हें रचनेचें शरीर. तिची वृत्ति सांगणारे शब्द तिच्या आत्म्याविषयीं बोलतात. म्हणून पहिल्यासाठीं आंकडा आणि दुसऱ्यासाठीं शब्द, असें त्याचें म्हणणें. त्याच सुमाराच्या एका गीताच्या हस्तलिखितावर त्यानें १०० हा आंकडा घातला आणि जवळच टीप लिहिली कीं, हा आंकडा पहिल्या कांहीं खंडांपुरताच समजावा, कारण भावनेलाहि आपलें स्वतःचें माप असतें. आंकड्याची मागणी करणारा तोच आणि आंकड्याची मर्यादा सांगणाराहि तोच.

इतकी काळजी घेऊनहि वाद मिटला नाहीं. १८१८ सालीं पुऱ्या झालेल्या त्याच्या एका प्रचंड पियानो-सोनाट्याच्या पहिल्या चरणावर १३८ हा आंकडा आहे. ती गति इतकी विलक्षण आहे कीं, बहुतेक वादक ती पाळीत नाहींत. त्याचें यंत्र बिघडलें होतें काय, बहिऱ्या माणसानें मनांतल्या मनांत ऐकलेलें संगीत प्रत्यक्षापेक्षां जलद धांवत होतें काय, कीं नंतरच्या पिढ्यांनींच त्याचें संगीत जड करून टाकलें, यावर दोनशें वर्षें खल चालू आहे. १९८० नंतर लंडनच्या रॉजर नॉरिंग्टन या संचालकानें जुन्या बनावटीच्या वाद्यांवर त्याच्या सिंफनी त्याच्याच आंकड्यांना धरून वाजविण्याचा आग्रह धरला. कित्येकांना त्या नव्यानें जिवंत झाल्यासारख्या वाटल्या. कित्येकांना त्यांतलें गांभीर्य हरवलें असें वाटलें. आंकडा एक, कागद एक, तरी ऐकणाऱ्यांचे पक्ष दोन.

पुढच्या रचनाकारांनीं या प्रश्नाला आपापल्या स्वभावाप्रमाणें उत्तरें दिलीं. शूमान यानें एका सोनाट्याच्या आरंभीं ‘होईल तितकें जलद’ असें जर्मन भाषेंत लिहिलें आणि त्याच चरणांत पुढें ‘अधिक जलद’ व त्याहिपुढें ‘आणखी जलद’ अशा सूचना दिल्या. तर्काच्या दृष्टीनें हें हास्यास्पद. परंतु धांवणाऱ्याला आपली सीमा गांठली असें वाटतें तेव्हांहि त्याच्यांत थोडी शक्ति शिल्लक असते, हें मनाच्या दृष्टीनें खरेंच आहे. ब्राम्स यानें आपलें रक्त आणि यंत्र यांचें एकमेकांशीं जुळत नाहीं, असें एका मित्राला कळवून आंकडे देण्याचें टाळलें. शोपँच्या वादनांत ‘रुबातो’चा मोठा बोलबाला होता. ‘रुबातो’ म्हणजे चोरलेला. एका स्वराचा वेळ चोरून दुसऱ्याला द्यावयाचा. त्याच्या शिष्यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा काळाला पक्का असावा आणि उजव्या हातानें त्यावर स्वैर विहार करावा, असा त्याचा कटाक्ष असे.

हें वर्णन मराठी श्रोत्याला परकें वाटूं नये. डाव्या हाताच्या जागीं तबलजी बसविला आणि उजव्या हाताच्या जागीं गवई, कीं चित्र आपल्याच बैठकीचें होतें. तबलजी ठेका धरून असतो. गवई मात्रेच्या मागें रेंगाळतो, पुढें झेंप घेतो, आणि चोरलेला सारा काळ समेवर प्रामाणिकपणें परत करतो. म्हणूनच समेला मान हालते.

भारतीय संगीतानें गतीचा विचार फार पूर्वीं आणि फार मूलगामी रीतीनें केला. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या दरबारीं असलेल्या शार्ङ्गदेवानें आपल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथांत लय म्हणजे काय, हें सांगतांना ठोक्याकडे बोट न दाखवितां दोन ठोक्यांच्या मधल्या विसांव्याकडे बोट दाखविलें आहे. एक क्रिया झाली, दुसरी अजून व्हावयाची आहे. मधली जी विश्रांति ती लय. ती अगदीं थोडी असेल तर द्रुत, तिच्या दुप्पट असेल तर मध्य आणि मध्याच्या दुप्पट असेल तर विलंबित. या व्याख्येंत घड्याळाला जागा नाहीं आणि नाडीलाहि नाहीं. लय ही दुसऱ्या लयीच्या मानानें जलद किंवा मंद. स्वतःपुरती ती कांहींच नाहीं. युरोपनें ‘एका मिनिटांत किती ?’ असें विचारलें. शार्ङ्गदेवानें ‘कोणाच्या दुप्पट?’ असें विचारलें.

या दृष्टीचा लाभ असा कीं, काळाबरोबर लय मोकळेपणानें सरकूं शकली. विसाव्या शतकांत ख्यालगायनाची विलंबित लय सरकत सरकत अतिविलंबितापर्यंत गेली. उस्ताद अमीर खां (१९१२–१९७४) झुमरा तालांत जी संथ बढत करीत, तींत दोन मात्रांमध्यें श्रोत्याला अनेक श्वास घ्यावयास सांपडत. याच्या उलट, जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मावत. तेथें तीच विलंबित आंखडावी लागे. आज त्या मुद्रिका ऐकून एखाद्या जुन्या गवयाच्या लयीविषयीं मत बनविणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवणें बरें.

परंतु हानीहि आहे. आवाजाच्या लहानमोठेपणासाठीं युरोपीय लिपींत जशी खुणांची शिडी आहे तशी आपल्याकडे झाली नाहीं. मंद्र, मध्य आणि तार हे शब्द स्वराची उंची सांगतात, बळ नव्हे. पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर या दोघांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वरलिपी सिद्ध केल्या आणि शेंकडों चिजा विस्मृतींतून वांचविल्या. त्यांत स्वर आहेत, मात्रा आहेत, सम आणि काल आहेत. परंतु एखादा कोमल ऋषभ किती अल्प लावावा, कोणता शब्द पुटपुटल्यासारखा म्हणावा आणि कोणत्या तानेला छाती भरून आवाज द्यावा, हें शिष्यानें गुरूच्या मुखांतूनच घ्यावयाचें. गुरु होता तोंवर या व्यवस्थेंत कांहीं उणें नव्हतें. किंबहुना कोणत्याहि लिहिलेल्या शब्दापेक्षां ती अधिक सूक्ष्म होती. परंतु गुरूमागें शिष्य उरला नाहीं, त्या ठिकाणीं चीज कागदावर राहिली आणि तिचा श्वास गेला. युरोपांत बीथोव्हेनच्या आंकड्यांवर भांडण होतें. आपल्याकडे अशा चिजांविषयीं भांडावयासहि पुरावा नाहीं.

लिहिल्यावांचूनहि कांहीं गोष्टी टिकतात, याचा दाखला मात्र वारकऱ्यांच्या भजनांत मिळतो. अभंग संपत आला कीं नामाचा गजर सुरू होतो. टाळ-मृदंगाची लय वाढत जाते, तिच्याबरोबर आवाजहि चढत जातो आणि शिखरावर पोंचतांच सारें एकाएकीं थांबतें. मानहाइमचा वाद्यवृंद ज्यासाठीं नांवाजला गेला तो ‘क्रेशेंदो’ आणि त्याच्या जोडीला गति वाढविणारा ‘अचेलेरांदो’, हे दोन्ही येथें एकत्र येतात. आणि टाळकऱ्यांपैकीं कोणीहि कागद पाहत नाहीं.

या दोन परंपरांची गांठ महाराष्ट्राच्या भूमीवरहि पडली आहे. पोर्तुगीज अमलांत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना युरोपीय स्वरलिपि शिकविली जाई. तेथून निघालेले व्हायोलिन आणि तुतारी वाजविणारे अनेक कलावंत मुंबईस आले व विसाव्या शतकांत चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून बसले. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. गोमंतकीय कलावंत ती कागदावर उतरवी आणि पन्नास वादकांसाठीं ‘येथें मृदु’, ‘येथें चढत’, ‘येथें रेंगाळून’ अशा खुणा घाली. घरोघरीं ज्यांच्या चाली गुणगुणल्या गेल्या त्या गाण्यांच्या पार्श्वभूमीला हे इटालियन शब्द अशा रीतीनें निमूटपणें काम करीत होते.

मग शब्द मोठा कीं आंकडा ? याचें उत्तर बीथोव्हेनच्याच एका रचनेंत सांपडतें. १८२५ च्या वसंतांत तो कठीण दुखण्यांत सांपडला आणि त्यांतून उठला. त्यानंतर लिहिलेल्या चार तंतुवाद्यांच्या रचनेंत मधलें एक चरण फार लांब व फार संथ आहे. माथ्यावर ‘अतिशय अदाजो’ ही गतीची खूण आहेच. परंतु तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. दुखण्यांतून उठलेल्यानें देवाला अर्पिलेलें हें कृतज्ञतेचें गीत आहे, असें त्यानें आपल्या भाषेंत लिहिलें. मध्येंच लय बदलते, स्वर उजळतात आणि तेथें शब्द येतात : ‘नवी शक्ति जाणवूं लागली’. त्यानंतर संथ गीत परत येतें; शेवटच्या वेळीं त्यावर ‘अंतरींच्या अत्यंत खोल भावनेनें’ असें लिहिलें आहे. मिनिटाला किती ठोके, हें या शब्दांतून कळत नाहीं. परंतु बरीच रात्र तापांत तळमळून पहांटे ज्याला घाम फुटला आहे आणि ज्यानें प्रथमच उशीवरून मान उचलली आहे, अशा माणसानें हात कसा हालवावा, हें वादकाला त्यांतून नेमकें कळतें. दोन वर्षांच्या आंत तो वारला. हे स्वर त्याच्या कानांनीं कधीं ऐकले नाहींत. इतरांनीं ते कसे ऐकावे, हें मात्र तो सांगून गेला.

हीं सारीं चिन्हें आज शेवटीं ज्याच्या हातीं येऊन पडतात तो घरीं बसलेला श्रोता आहे. रेडिओवर संगीत चाललें असतां आवाज लहानमोठा करण्याची खुंटी त्याच्या बोटांत असते, आणि तिच्या एका पिळ्यासरशीं तो गाब्रिएलीपासून चायकोव्स्कीपर्यंत सर्वांच्या खुणा पुसून टाकूं शकतो. मृदु भाग आला कीं आवाज वाढवावयाचा आणि बळकट भाग आला कीं कमी करावयाचा, अशी त्या हाताला संवय लागून गेलेली असते. आवाज अगदीं बारीक होऊन नाहींसा होतोसा वाटला, तर त्या वेळीं हात थोडा आंवरून धरावा आणि कान पुढें करावा. यंत्रांत बिघाड झालेला नसतो; तेवढें बारीकच ऐकूं यावें, असें कोणीतरी मुद्दाम लिहून ठेवलेलें असतें.